ठेकेदार ढिला आहे, की त्याला दिलेलं कामच तयार नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडे ११ मजली बिल्डिंग चालू आहे, आरसीसी संपत आलंय, फिनिशिंगचे ठेकेदार माणसं वेळेवर देत नाहीत, टाईल्सवाला तर निम्म्या माणसांवर आलाय, शेठ म्हणतात दंड लावा नाहीतर बदलून टाका, आणि तुम्ही लास्ट प्लॅनर, लीन प्लॅनिंग (म्हणजे वेळ-सामान वाया न घालवता काम आखणं) वगैरे वाचलंय तर त्याने आपल्याकडच्या ठेकेदारांचं काम खरंच सुधारतं का नुसते कागद वाढतात. मी २६ वर्षं साईटवर आहे आणि त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं ह्याच पद्धतीने प्लॅनिंग करतोय, नाशिकमध्येच, म्हणून जरा लांब लिहितो, दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये हे.

सुधारतं, हे आधी सांगून टाकतो. पण तुम्हाला वाटतं तिथून सुधारत नाही. आपण समजतो की प्लॅनिंग कडक केलं की ठेकेदार सरळ होईल, आणि माझ्या साईटवर दरवेळी उलटंच दिसलंय, आपण काम तयार करून द्यायला लागलो की तोच ठेकेदार, तीच माणसं, तोच रेट, आणि काम मात्र वेगळंच निघतं.

२०१८ ची गोष्ट सांगतो. गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला दोन विंगची साईट होती, टाईल्सचा ठेकेदार राजस्थानचा, आठ माणसांची टोळी, कारागीर चांगले, डॅडोचे, म्हणजे भिंतीवरच्या टाईल्सचे, सांधे बघत राहावेत असे. पण मजला काही संपत नव्हता. रोज ऑफिसात एकच बोलणं, हा ढिला आहे, ह्याला नोटीस द्या. मी त्याला ओरडायचं दोन आठवडे थांबवलं आणि फक्त वहीत लिहीत गेलो, सकाळी टोळी आली तर तिला मोकळी, तयार जागा होती का नव्हती. १२ दिवसांपैकी सलग काम मिळालं ५ दिवस. बाकी सात दिवसांचा हिशोब असा, दोन दिवस बाथरूममध्ये गळतीच्या टेस्टचं पाणी उभं होतं, दीड दिवस मटेरियलची लिफ्ट बंद, एक दिवस टाईलचा लॉट वेगळ्या शेडचा आला म्हणून, एक दिवस प्लंबरने लावलेली टाईल फोडून पाईप बदलला म्हणून, आणि दीड दिवस किचन ओट्याची लेव्हल आर्किटेक्टकडून फायनल नव्हती म्हणून. ह्यात त्याची चूक कुठेय? आणि त्याचा रेट फुटावर, म्हणजे बसलेल्या दिवसाचे शून्य रुपये, पण आठ माणसांची रविवारची खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, तर त्याला खिशातून द्यायचीच होती.

मग तो काय करणार? त्याच्या आणखी दोन साईट होत्या, एक इंदिरानगरला, एक आडगावकडे. जिथे काम मोकळं मिळतं तिथे त्याने पाच माणसं हलवली आणि आमच्याकडे तिघं ठेवली, तोंड दाखवायला. आम्ही म्हणालो, बघा, माणसं काढली. पण आधी काय झालं ते कोणी बघितलंच नाही.

हे चक्र नीट समजून घ्या कारण सगळं उत्तर ह्यातच आहे. साईटचा भरवसा नाही म्हणून ठेकेदार माणसं कमी देतो, माणसं कमी म्हणून काम लांबतं, लांबलं की आपण चिडून अजून दोन मजले त्याच्या अंगावर टाकतो "चालू तर करा" म्हणून, सगळीकडे अर्धवट पसारा होतो, भरवसा अजून उतरतो, आणि माणसं अजून कमी होतात. हे माझंच निरीक्षण नाही, इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतले राफाएल सॅक्स आणि हारेल यांनी २००६ मध्ये गेम थिअरी लावून हेच मांडलंय की मापावर पैसे मिळणाऱ्या ठेकेदाराला प्लॅनचा भरवसा कमी वाटला की माणसं कमी देणं हाच त्याच्यासाठी शहाणपणाचा हिशोब असतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर तेच केलं असतं, मीही केलं असतं.

आता लास्ट प्लॅनर म्हणजे काय ते थोडं सांगतो कारण बऱ्याच जणांना ते सॉफ्टवेअर वाटतं. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या दोन अमेरिकन माणसांनी १९९० च्या दशकात ही पद्धत बसवली, १९९७ मध्ये त्यांनीच लीन कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूट काढली. त्यांनी सुरुवातीला काय केलं तर साईटवर आठवड्याच्या प्लॅनमध्ये लिहिलेली कामं खरोखर किती होतात ते मोजलं, आणि सरासरी आली साधारण ५४ टक्के. म्हणजे आठवड्याला जे ठरवलं त्यातलं जेमतेम निम्मं, आणि तेही तिकडे, जिथे आपण समजतो की सगळं घड्याळावर चालतं. त्यामुळे तुमच्या साईटचा आकडा पन्नाशीत आला तर लाज वाटून घेऊ नका. आणि लास्ट प्लॅनर म्हणजे तो शेवटचा माणूस, ज्याच्या पुढे कोणी प्लॅन करणारा उरत नाही, तो थेट हातांना कामाला लावतो. आपल्याकडे तो म्हणजे मुकादम किंवा टोळीचा मिस्त्री. ऑफिसातल्या बार चार्टमध्ये "व्हायला पाहिजे" असतं, मुकादमाला माहीत असतं "होऊ शकतं" किती, आणि जे आपण आठवड्यासाठी "करणार" म्हणून कबूल करतो ते ह्या दोन्हीच्या मधून निघालं पाहिजे. आपल्याकडे व्हायला पाहिजे तेच थेट करणार म्हणून लिहिलं जातं, मधलं होऊ शकतं का हे कोणी विचारतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही द्यायचाय तो काम तयार करण्यावर. लॉरी कोस्केला या फिनलंडच्या संशोधकाने सांगितलंय की बांधकामातलं कुठलंही काम सुरू व्हायला सात गोष्टी जागेवर लागतात. साईटच्या भाषेत ड्रॉइंग, मटेरियल, माणसं, हत्यारं-मशीन, जागा, आधीच्या ठेकेदाराचं संपलेलं काम आणि बाहेरची परिस्थिती म्हणजे पाऊस, लाईट, परवानगी. आता गणित करून बघा. प्रत्येक गोष्ट ९५ टक्के वेळा तयार असते असं धरलं, जे फारच चांगलं झालं, तरी सातही एकाच सकाळी तयार असण्याची शक्यता येते ७० टक्के. आणि ९० टक्के धरलं तर ४८ वर येते. म्हणजे कोणी कामचुकार नसतानाही निम्म्या सकाळी कुणीतरी बसून राहणार. हे एकदा डोक्यात बसलं की माणसावर चिडण्यातला निम्मा जोर आपोआप जातो.

म्हणून पुढच्या सहा आठवड्यांची एक यादी करायची आणि प्रत्येक कामापुढे सात खाने, ज्या खान्यात अडचण आहे तिथे ती कोण सोडवणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, त्याचं नाव. "ऑफिस" असं नाव लिहायचं नाही, माणसाचं नाव लिहायचं. परचेसवाल्याचं, तुमचं, आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या ज्या मुलाकडे आपलं ड्रॉइंग आहे त्याचं. सहा आठवडे का, तर डॅडोची टाईल मोरबीहून मागवायची असेल, दरवाजाच्या ग्रॅनाईट चौकटी कापून यायच्या असतील तर आज आठवून उपयोग नसतो. आणि ज्या कामाच्या सातही खान्यांवर टिक नाही ते काम आठवड्याच्या प्लॅनमध्ये घ्यायचंच नाही, शेठ समोर उभे असले तरी. हे म्हणणं सोपं आहे आणि करणं महाकठीण, कारण आपल्याला सवयच "चालू तर कर, बघू नंतर" ची. कोस्केलाने २००४ मध्ये ह्या सवयीलाच स्वतंत्र नाव देऊन वाया जाण्याच्या यादीत घातलं, सगळं सामान नसताना काम सुरू करून देणं. बाथरूममध्ये दोन भिंतींचा डॅडो लावून तिसरी सोडली, कारण डायव्हर्टर (शॉवरचा भिंतीत बसणारा नळ) आला नव्हता, मग परत येऊन तीच टोळी, परत मसाला, परत माचाण, आणि शेवटी शेडमध्ये फरक. कागदावर काम चालू दिसत होतं, म्हणून सगळे खूश होते.

नाशिकमध्ये ही सहा आठवड्यांची यादी करताना एक कॅलेंडर मी शेजारी लावतोच. होळीला आणि छठला यूपी-बिहारची माणसं जाणार, ईदला बंगालकडची जाणार, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येणारी बिगारी माणसं, बायका, पाऊस पडला की भाताच्या आवणीला गावी जातात, आणि ऑक्टोबरच्या छाटणीला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा त्यांना बोलावतात, पुढे माल निघायला लागला की परत बोलावतात. दरवर्षी जातात, आणि दरवर्षी आपण म्हणतो "अचानक लेबर गेली". अचानक काय त्यात? आता तर २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू असल्याने सेंट्रिंग आणि फिटरच्या (सळई बांधणाऱ्या) टोळ्यांना चार ठिकाणांहून बोलावणं असतं, आपल्या साईटवर मोकळं काम नसेल तर ते तिकडे जाणारच. ह्या तारखा यादीत आधी टाका आणि मुकादमालाच विचारा की कोण कधी जाणार, त्याला दोन महिने आधीपासून ठाऊक असतं, आपण विचारत नाही एवढंच.

मग आठवड्याची मीटिंग. माझी शनिवारी दुपारी ४ ला असते, कारण रविवारी खर्चीचा दिवस, मुकादम सगळे असतात, आणि सोमवारी काय करायचं ते शनिवारीच ठरलेलं बरं. एसी ऑफिसात घेऊ नका, तळमजल्यावर भिंतीला मोठा कागद लावा, मजले उभे, दिवस आडवे, आणि प्रत्येक ठेकेदाराचा चिठ्ठीचा रंग वेगळा. प्लास्टर पिवळा, प्लंबर निळा, असं. लिहिता न येणारे असतात, त्यांचं तुम्ही लिहा पण चिठ्ठी त्यांच्याच हाताने लावून घ्या, हे महत्त्वाचं आहे, हात त्याचा लागला की शब्द त्याचा होतो. आणि ठेकेदार मालकापेक्षा मुकादम आला पाहिजे, मालक फोनवर सगळ्याला हो म्हणतो, मुकादमाला माहीत असतं की ६०४ च्या बाथरूममध्ये पाईपसाठी भिंतीत अजून झिरीच मारलेली नाही.

सगळ्यात अवघड काय असतं सांगू? "हो साहेब, हो जाएगा." हे वाक्य. आपल्या साईटवर नाही म्हणायची पद्धतच नाही, नाही म्हटलं की तो माणूस उद्धट, आणि हो म्हणून नाही केलं तर फक्त ढिला. म्हणून सगळे हो म्हणतात. मी काय करतो, हो आलं की तिथे थांबत नाही, विचारतो किती माणसं, कुठल्या फ्लॅटला, त्याआधी तुला काय हातात पाहिजे, कोणाकडून पाहिजे. आणि ज्याच्याकडून पाहिजे तो शेजारीच बसलेला असतो, त्यांनाच बोलू देतो. एकदा आमच्या प्लास्टरवाल्या मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं की साहेब, सातवा मजला ह्या आठवड्यात नाही होणार, इलेक्ट्रिशियनचे बॉक्स भिंतीच्या बाहेर आलेत, मी ठिय्ये (प्लास्टरच्या लेव्हलच्या खुणा) मारले की तो परत तोडणार. आमचे शेठ तिथे होते, त्यांचा चेहरा बदलला. मी तेव्हा मोठ्याने म्हणालो, हे सांगितलंस ते फार बरं केलंस, आणि इलेक्ट्रिशियनला दोन दिवस दिले. त्या एका शनिवारनंतर बाकीचे बोलायला लागले. नाही म्हणणाऱ्याला पहिल्यांदा जी वागणूक मिळते त्यावर पुढची सगळी मीटिंग ठरते, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

पुढच्या शनिवारी मोजायचं. जेवढी कबूल केली त्यातली पूर्ण किती झाली, तेवढंच. ९० टक्के झालं म्हणजे शून्य, कारण पुढच्या ठेकेदाराला ९० टक्के बाथरूमचा काही उपयोग नसतो. ३१ कबूल केली, १७ झाली, ५५ टक्के. ह्याला इंग्रजीत पीपीसी (पर्सेंट प्लॅन कम्प्लीट) म्हणतात पण आपल्या साईटवर पीपीसी म्हटलं की सगळ्यांना सिमेंटची गोणी आठवते, त्यामुळे आम्ही त्याला शब्दाचा आकडा म्हणतो. आणि जी झाली नाहीत त्या प्रत्येकापुढे कारण, सात खान्यांपैकी कुठला खाना तुटला. का तुटला, तो का तुटला, असं चार-पाच वेळा मागे जायचं. लिफ्ट बंद पडली, का, तर वायररोप तुटली, का, तर बदलायची तारीख उलटून गेली होती, का, तर ती तारीख लक्षात ठेवणं कोणाचंच काम नव्हतं. मग ते कोणाचं तरी काम करायचं. माझ्या वहीत जेवढी कारणं साठली आहेत त्यात सगळ्यात मोठा ढीग "आधीचं काम संपलं नाही" चा आहे, मग मटेरियलचा, मग ड्रॉइंग-निर्णयाचा. ठेकेदाराची माणसंच आली नाहीत हा ढीग आहे, नाही असं नाही, पण तो पहिला नाही.

इथे माझी एक मोठी चूक सांगतो म्हणजे तुम्ही ती करणार नाही. पहिल्यांदा ही पद्धत लावली तेव्हा मी उत्साहात हा आकडा बिलाशी जोडला, ७० च्या खाली गेला की इतके टक्के कापणार. तीन आठवड्यांत आकडा ९० च्या पुढे. मी खूश, शेठ खूश. मग लक्षात आलं की मजला काही पुढे सरकत नाहीये. प्रत्येक जण फक्त तेवढंच कबूल करत होता जे झोपेतही होईल, आणि कारणं सांगणं सगळ्यांनी बंद केलं होतं, कारण कारण म्हणजे कबुलीजबाब झाला होता. तो कापाकापीचा नियम काढला, परत भरवसा यायला तीन महिने गेले. हा आकडा ठेकेदाराचा मार्क नाहीच, तो आपल्या सगळ्यांच्या प्लॅनिंगचा ताप मोजायचा थर्मामीटर आहे. आणि नुसता आकडा चांगला असून भागत नाही, जी कामं झाली ती पुढचा मजला मोकळा करणारी होती का, आणि सहा आठवड्यांच्या यादीतली किती कामं खरंच तयार होऊन आठवड्याच्या प्लॅनपर्यंत पोचली, हेही बघायचं. शब्द ९० टक्के पाळले आणि पझेशन तरी लांबलं असं होऊ शकतं, मी स्वतः पाहिलंय.

शेठना हे पटवायचं असेल तर एक खेळ खेळा, मी ऑफिसात शेंगदाण्यांवर खेळतो. आयरिस टॉमेलीन, डेव्हिड रायली आणि हॉवेल यांनी १९९९ मध्ये ठेकेदारांच्या रांगेवरचा हा फाशांचा खेळ मांडला होता, मी आपल्या परीने सोपा केलाय. पाच जण ओळीने बसवा, वीटकाम, प्लंबर, प्लास्टर, टाईल्स, पेंटर. पहिल्यासमोर ३५ दाणे. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने साधा लुडोचा फासा टाकायचा, जेवढं पडेल तेवढे दाणे पुढच्याला द्यायचे, पण फेरी सुरू होताना आपल्यासमोर होते तेवढेच. फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे ३५ दाण्यांना १० फेऱ्या, शेवटचा माणूस चार फेऱ्या उशिरा सुरू होतो, म्हणजे १४ फेऱ्यांत संपायला हवं. नाही संपत. १६, १८ अशा फेऱ्या लागतात, आणि पेंटरला सहा पडलं तरी समोर दोनच दाणे असतात. सरासरी सगळ्यांची सारखी, कोणी आळशी नाही, नुसत्या वरखाली होण्याने शेवटच्याचं नुकसान होतं. मग सगळ्यांना फासा न टाकता, आपली पाळी सुरू झाली की पहिल्या फेरीत तीन, पुढच्या फेरीत चार, परत तीन असे नेमके दाणे सरकवायला सांगा, १४ मध्ये संपतं. आमच्या शेठनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं की मग पेंटरला मी आजवर ज्या कारणासाठी बोललो ते...? मी काही बोललो नाही, त्यांना कळलं होतं.

ह्यातूनच पुढची गोष्ट निघते, जागा छोटी करून द्या. आपण पूर्ण मजला एका ठेकेदाराला देतो आणि तो संपेपर्यंत पुढचा बाहेर. चार फ्लॅटचा मजला असेल तर दोन-दोन फ्लॅटचे गाळे पाडा, प्रत्येक ठेकेदाराला एका गाळ्यात सारखेच दिवस, समजा चार, आणि चार दिवसांनी सगळे एक गाळा पुढे. हे ठेकेदारांना आवडतं, कारण त्यांना पुढचा सोमवार दिसतो. फक्त ज्या गोष्टींना वेळ लागतोच त्या कापू नका, हे मी मुद्दाम लिहितोय कारण लीन म्हणजे घाई असा समज करून काही जण क्युरिंगच (काँक्रीट पाण्याने ओलं ठेवायचे दिवस) खातात. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, काँक्रीटला साध्या सिमेंटवर किमान ७ दिवस क्युरिंग, फ्लाय ॲश किंवा तसलं मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान १० दिवस आणि १४ दिवसांपर्यंत वाढवायची शिफारस आहे, आणि आपल्याकडे बहुतेक सिमेंट तेच येतं. बाथरूमचं उभं पाणी पूर्ण वेळ उभंच राहिलं पाहिजे. ते दिवस चार्टमध्ये चिठ्ठी म्हणून लावा, वेगळ्या रंगाची, म्हणजे कोणी तिथे माणूस पाठवणार नाही आणि टाईल्सवाल्याचे ते दोन दिवस वाया जाणार नाहीत, त्याला त्या दिवसात बेडरूमचं फ्लोअरिंग देता येतं.

बाथरूमचा क्रम तर एकदा सगळ्यांना एकत्र बसवून उलटा लावाच. पेंटिंग संपलंय असं धरून मागे यायचं, सीपी फिटिंगला (नळ-शॉवर बसवायला) काय लागतं, डॅडोला काय लागतं, त्याआधी वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची टेस्ट, त्याआधी भरणी, त्याआधी नहाणीच्या लाइनी, त्याआधी खालचं वॉटरप्रूफिंग. प्रत्येकाने आपल्या आधीच्याला सांगायचं की मला तुझ्याकडून नेमकं काय पाहिजे. आमच्याकडे ह्या एका बैठकीत कळलं की प्लंबर प्रेशर टेस्ट प्लास्टरनंतर करत होता, पाच वर्षं, आणि कोणी त्याला विचारलं नव्हतं. गळती निघाली की प्लास्टर फोडायचं, आणि ते फोडलेलं परत करायचे पैसे कोणाचे ह्यावर भांडण.

आता पैसे. ह्यावर कोणी लिहीत नाही पण ठेकेदाराच्या कामाचा अर्धा प्रश्न इथे आहे. कबुलीचा तो कागद भिंतीवर लावता ना, त्यावर आपल्या चिठ्ठ्याही लावायच्या. मेजरमेंट कधी घेणार, आरए बिल (चालू कामाचं मापाप्रमाणे बिल) कधी पास होणार, पैसे कधी जमा होणार, क्रश सँडची (खडी दळून केलेल्या वाळूची) गाडी कधी येणार, सगळं, साईट इंजिनिअर आणि परचेसच्या नावाने, आणि शनिवारी तेही मोजायचं, सगळ्यांसमोर. माझा स्वतःचा आकडा पहिल्या महिन्यात ठेकेदारांपेक्षा खाली आला होता, ४० च्या आसपास, आणि तो मी भिंतीवर राहू दिला. एक बिल तीन आठवडे अडकलं की ठेकेदार उचल देऊ शकत नाही, उचल नाही मिळाली की टोळी दुसऱ्याकडे जाते, आणि गेलेली टोळी परत आणायला त्याला जास्त उचल द्यावी लागते. ज्यांचं पेमेंट ठरलेल्या तारखेला होतं त्या साईटला मुकादम आपली चांगली माणसं देतो, उरलेली दुसरीकडे. शेठना दंडाच्या ऐवजी ही एक तारीख पाळायला सांगून बघा.

आणि हो, खरंच वाईट ठेकेदारही असतात. सगळं तयार देऊनही माणसं न आणणारे, उंबरे-लेव्हल चुकवणारे, एकाच चुकीवर तीनदा तोडायला लावणारे. पण त्याला ओळखायला आधी आपली बाजू स्वच्छ पाहिजे. तुमच्या टाईल्सवाल्याचं मी असं करीन. येत्या शनिवारी दोनच मजले घ्या, सगळी बिल्डिंग नको. त्यातले जे फ्लॅट सातही खान्यांनी तयार आहेत तेवढेच त्याच्या मुकादमाला दाखवा, फिरून, आणि तयार जागेच्या कागदावर दोघांच्या सह्या करा. त्याचं अडकलेलं बिल असेल तर त्याची तारीख त्याच दिवशी सांगा आणि पाळा. त्याला विचारा ह्या जागेला किती माणसं देतोस, आणि आकडा त्यालाच सांगू द्या. असे चार आठवडे लिहा, तयार जागा किती दिली, माणसं किती आली, शब्द किती पाळले. जागा तयार मिळायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणसं वाढली, तर तुमचा ठेकेदार ठीक होता. चौथ्या आठवड्यालाही तयार जागा पडून आणि माणसं निम्मीच असतील, तर वही घेऊन शेठकडे जा, त्याचं मेजरमेंट दोघांनी मिळून करा, हिशोब पूर्ण द्या आणि नवीन माणूस बघा. त्यालाही पहिल्याच दिवशी तोच भिंतीवरचा कागद दाखवा, आणि त्याचा मुकादम शनिवारी ४ ला मोकळा असतो का ते रेट ठरवायच्या आधी विचारून घ्या.